आधी नामसूची, मग स्कॅनर

बडोद्याच्या जुन्या मराठी वर्तमानपत्रांचा विषय निघाला की चर्चा लगेच स्कॅनिंगवर येते. यंत्र कोणते घ्यायचे, पैसे कोण देणार, फाइली कुठे ठेवायच्या. हे सगळे करायला हवेच, पण त्यातला क्रम मला पटत नाही. 'बडोदा वत्सल', 'श्रीसयाजीविजय', 'जागृति' अशा पत्रांचे जे अंक ग्रंथालयांत आणि घरांच्या माळ्यांवर उरले असतील, त्यांतल्या व्यक्तिनामांची सूची आधी व्हावी, निदान स्कॅनिंगच्या बरोबरीने व्हावी, आणि तिच्यासाठी सार्वजनिक पैसा मागितला जावा. नुसती पानांची छायाचित्रे काढणे म्हणजे कुलूपबंद कपाट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवणे. किल्ली आधीही नव्हती, नंतरही नसणार.

जुनी फाइल मागणारा माणूस क्वचितच 'अमुक तारखेचा अंक द्या' म्हणतो. त्याला एक नाव हवे असते. पणजोबा शाळाखात्यात मास्तर होते, त्यांची पाटणला बदली कधी झाली? कलाभवनात शिकलेला अमुक कारागीर पुढे कुठे गेला? महिलांच्या सभेत निबंध वाचणाऱ्या या बाई कोणाच्या कोण? अशा प्रश्नाजवळ तारीख नसते. नाव असते, तेही आजच्या शुद्धलेखनात लिहिलेले आणि घरात ज्या रूपात टिकले त्या रूपातले. त्या वेळच्या छापखान्यात ते तसेच जुळवले गेले असेल याची काहीच खात्री नाही.

पुण्यामुंबईपेक्षा बडोद्यात हे जास्त अवघड आहे. राजघराणे मराठी, रयतेत बहुसंख्य गुजराती, वरच्या कारभारात इंग्रजी आणि दफ्तरात मोडी. त्यामुळे एकच माणूस तीन-चार लिप्यांतून हिंडतो. जनार्दन सखाराम कुडाळकरांचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकेतून आलेले ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांनी १९१० साली सयाजीराव महाराजांच्या सांगण्यावरून इथली ग्रंथालयव्यवस्था उभी करायला घेतली. ती पुढे ज्यांनी सांभाळली त्यांत कुडाळकर होते. 'लायब्ररी मिसेलनी' हे ग्रंथालयांना वाहिलेले नियतकालिक बडोद्याहून १९१२ पासून निघू लागले, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. आता इंग्रजी मजकुरातले हे आडनाव देवनागरीत परत आणा. इंग्रजीत 'ळ' नाही आणि 'डा'मधला काना कळत नाही, म्हणून ते 'कुडलकर' होते, 'कुदलकर' होते. ज्या गावाने हिंदुस्थानला ग्रंथालयशास्त्र शिकवायला सुरुवात केली, त्या गावच्या ग्रंथपालाचे नावच शोधताना निसटते.

ग्वाल्हेर-इंदूरला हीच अडचण वेगळ्या वाटेने येते. तिथल्या हिंदी पत्रांत 'काळे' हे 'काले' होतात आणि 'मुळे' हे 'मुले'. 'मुले' असा शब्द हिंदी-मराठी मजकुरात शोधून पाहावा म्हणजे पुढचा त्रास कळेल. गुजरातीत ळ आहे, त्यामुळे बडोद्याची त्या एका त्रासातून सुटका झाली. पण गुजराती नोंदींत आडनाव आधी लिहिण्याची रीत, मराठी बातमीत आडनाव शेवटी, आणि इंग्रजी अहवालात आद्याक्षरे व आडनाव. शोधणारा माणूस तिन्ही क्रमांनी शोधत नसेल तर त्याने पूर्ण शोध घेतलाच नाही असे समजावे.

लिपीपेक्षाही मोठा घोळ टोपणनावांचा आहे. बडोद्याचे राजकवी चंद्रशेखर यांचे पूर्ण नाव चंद्रशेखर शिवराम गोऱ्हे. कवितेखाली छापले जाते ते नुसते 'चंद्रशेखर'. 'गोऱ्हे' शोधणाऱ्याला कविता सापडणार नाहीत आणि 'चंद्रशेखर' शोधणाऱ्याला शंकराच्या स्तोत्रांपासून भलत्याच माणसांपर्यंत सगळे सापडेल. माधव जूलियन १८९४ साली बडोद्यात जन्मले. जूलियन, ज्यूलियन, जुलियन, मा. त्रि. पटवर्धन, प्रो. पटवर्धन ही सगळी एकाच माणसाची नावे आणि यांतली शेवटची दोन दुसऱ्या कोणाचीही असू शकतात. गाण्याच्या क्षेत्रात तर एका घरातल्या माणसांची आडनावेही एक नाहीत. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांच्या मुलांपैकी हिराबाई झाल्या बडोदेकर, सुरेशबाबू राहिले माने आणि सरस्वतीबाई झाल्या राणे. जलशाच्या जाहिरातींतून हे घराणे जुळवायचे तर नात्याची माहिती आधीच हाताशी लागते. शिवाय 'बडोदेकर' शोधले की 'आमचा बडोदेकर बातमीदार' आणि 'समस्त बडोदेकर मंडळी' यांचाच लोंढा येतो.

आणि कधीकधी नाव छापलेलेच नसते. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोदे सरकारच्या नोकरीत होते. त्याच काळात, १८९३-९४ मध्ये, मुंबईच्या 'इंदुप्रकाश'मध्ये काँग्रेसच्या धोरणावर जहाल टीका करणारी त्यांची इंग्रजी लेखमाला आली, ती निनावी. कितीही चांगले यंत्र आणा, त्या पानांवर 'घोष' हे नाव सापडणार नाही, कारण ते तिथे नाहीच. लेखकत्व ठरते ते पत्रे, आठवणी आणि संपादकाशी असलेला संबंध यांवरून. ही माहिती कोणीतरी सूचीत भरावी लागते: 'निनावी, लेखक अमुक, आधार तमुक'. निनावी लेखनाची अशी नोंद फक्त माणूसच करू शकतो.

स्त्रियांच्या बाबतीत हे चित्र आणखी वाईट आहे. माहेरचे नाव, सासरचे नाव, आणि बातमीत दोन्हींऐवजी 'रा. रा. अमुक यांच्या पत्नी'. राजघराण्यातही हा गोंधळ आहे. सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई १८८५ साली वारल्या. दुसऱ्या पत्नी, देवासच्या घाटगे घराण्यातल्या गजराबाई, याही लग्नानंतर चिमणाबाईच झाल्या. १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या त्या या दुसऱ्या. रावपुऱ्यातला घड्याळाचा मनोरा मात्र पहिल्या चिमणाबाईंच्या नावाचा. मनोऱ्याविषयीची बातमी आणि परिषदेची बातमी एकाच नावाखाली ठेवली की दोन बायकांचे मिळून एक चरित्र तयार होते. राणीच्या बाबतीत निदान चूक पकडणारे कोणीतरी भेटते. शाळेतल्या मास्तरीणबाईंच्या बाबतीत कोण पकडणार? म्हणून सूचीत स्त्रीचे नाव तीन ठिकाणी यायला हवे: छापले तसे, माहेरच्या नावाने कळले असेल तर तसे, आणि पतीच्या नावाखाली 'पाहा' अशा खुणेसह.

एक नाव शोधायची रीत काय, हे स्पष्ट केल्याशिवाय सूची कशी हवी हे कळत नाही, म्हणून थोडे तपशिलात जातो.

सुरुवात वर्तमानपत्रापासून करू नये. आधी त्या माणसाचे एक पत्रक करावे: जन्म-मृत्यूची अंदाजी वर्षे, हुद्दे, राहण्याच्या जागा, आणि नावाची सगळी संभाव्य रूपे. रूपे म्हणजे कुलकर्णी-कुळकर्णी, फडणीस-फडणवीस, दीक्षित-दिक्षित, मजुमदार-मुजुमदार. शिवाय आद्याक्षरे, 'राव' जोडून आणि तोडून, आणि घरातले नाव. नानासाहेब, बापूसाहेब, अण्णा ही नावे बातमीत सर्रास येतात आणि मूळ नाव कुठेच येत नाही. 'रा. रा.', 'रा. ब.', 'ह. भ. प.', 'चि.', 'सौ.', 'कै.' या उपाध्या फेकून देऊ नयेत. पदवी मिळाल्याचे साल ठाऊक असेल तर 'रावबहादूर' नसलेली बातमी बहुधा त्याआधीची, एवढा अंदाज बांधता येतो. 'कै.' दिसले तर मृत्यू त्यापूर्वीचा.

सरकारी नोकरीतला माणूस असेल तर राज्याची आज्ञापत्रिका आधी पाहावी. नेमणूक, बदली, रजा यांच्या तारखा तिथून मिळाल्या की वर्तमानपत्रात कुठे पाहायचे ते ठरते. साप्ताहिकात स्थानिक बातमी घटनेनंतर एक-दोन अंकांत येते, परगावची आणखी उशिरा, म्हणून तारखेच्या पुढचे किमान चार अंक वाचावेत. मृत्यूची बातमी सापडली नाही तर तेराव्यानंतरचे अंक, मग दुखवट्याच्या सभेचा वृत्तांत, मग वर्षश्राद्धाच्या सुमारास एखाद्या देणगीची बातमी. अग्रलेखात सामान्य माणसाचे नाव येत नाही. ते येते वर्गणीच्या पोचेत, परीक्षेच्या निकालात, सभेला हजर असलेल्यांच्या यादीत, 'साभार पोच'मध्ये, जाहीर नोटिशीत, औषधाच्या जाहिरातीखालच्या प्रशस्तिपत्रात. म्हणजे बारीक टाइपात आणि शेवटच्या पानांवर. मासिकांचे बांधीव खंड करताना बांधणाऱ्याने वेष्टने आणि जाहिरातींची पाने काढून टाकलेली असतात. गावोगावच्या एजंटांची, वर्गणीदारांची नावे तिथेच होती. सुटे अंक मिळाले तर बांधीव खंड हाताशी असूनही ते घ्यावेत, याचे कारण हे. पुरवण्यांचेही तसेच: त्यांचे पृष्ठांक वेगळे असल्याने त्या खंडात बांधल्या जात नाहीत, आणि सभा-संमेलनांचे सविस्तर वृत्तांत नेमके पुरवणीत असतात.

तारखांत फसगत कशी होते तेही पाहू. शकात पाडव्यापासून डिसेंबरअखेर ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९ मिळवले की इसवी सन येतो, एवढे बहुतेकांना माहीत असते. संवताचे गणित मात्र गावागणिक बदलते. गुजरातेत विक्रम संवत कार्तिकात, दिवाळीनंतर बदलतो. उत्तरेत तो चैत्रात बदलतो. त्यामुळे संवत १९६७ चा श्रावण बडोद्याच्या गुजराती पत्रात असेल तर साल १९११, आणि ग्वाल्हेरकडच्या कागदात असेल तर १९१०. वद्य पक्षात महिन्याचे नावही फिरते: आपली श्रावण वद्य अष्टमी तिकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी. भरीला बडोदे राज्याचे कारभारी वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपे. '१९१०-११ सालच्या अहवालात' नाव आले तर त्यावरून १९१० चे अंक चाळत बसण्यात अर्थ नाही. घटना जून १९११ चीही असू शकते. अंकावर छापलेले वर्ष आणि अंकाचा क्रमांक यांवर आंधळा विश्वास टाकू नये. खिळे जुळवणारा मागच्या आठवड्याचा आकडा बदलायला विसरतो. तारीख, तिथी आणि वार या तिन्हींचा मेळ पंचांगावर बसला तरच ती तारीख पक्की.

हे सगळे काम यंत्र करील, असे आता सांगितले जाते. त्यातले खरे किती? छापील देवनागरी ओळखणारी साधने आजच्या स्वच्छ पुस्तकावर चांगली चालतात. १९०० च्या वर्तमानपत्रावर ती का अडखळतात याची कारणे अगदी साधी आहेत. झिजलेल्या टाइपात घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांत फरक उरत नाही. अनुस्वार आणि रफार हे टाइपाचे सगळ्यांत नाजूक भाग, ते आधी तुटतात, म्हणून 'पंडित' होतो 'पडित'. अ, झ, ण, ल यांची मुंबई वळणाची रूपे आणि उत्तरेकडची रूपे वेगळी. स्तंभ अरुंद असल्याने नाव ओळीच्या शेवटी तुटते: 'पाळे' वरच्या ओळीत, 'कर' खालच्या. जोडरेघ छापलेली असेलच असे नाही. बांधीव खंडाच्या मधल्या घडीत प्रत्येक ओळीची दोन-तीन अक्षरे गडप होतात. आणि १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे 'नांव', 'कांहीं', 'करणें' ही रूपे आजच्या शब्दकोशावर पोसलेले साधन 'दुरुस्त' करते. ही दुरुस्ती सगळ्यांत घातक. सामान्य शब्द थोडा बदलला तर वाक्य कळते. आडनाव बदलले तर माणूसच बदलतो.

इथे एक पक्षपात होतो, आणि माझा मुख्य आक्षेप त्याला आहे. यंत्र प्रसिद्ध नावे सावरून घेते. 'सयाजीराव'मधले एखादे अक्षर गेले तरी ते नाव हजारो वेळा आलेले असल्याने शोध लागतोच. कारेलीबागेतल्या कंपाउंडरचे नाव तीस वर्षांत चारदा आले आणि चारपैकी तीनदा चुकीचे वाचले गेले, तर तो माणूस इतिहासातून गेला. इंग्रजांच्या काळातही निवड अशीच झाली होती. मुंबई सरकार देशी पत्रांतील मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला गोपनीय अहवालात काढत असे. मूळ अंक हरवले तरी हे अहवाल टिकले, म्हणून संशोधक त्यांच्याकडे धावतात. पण त्यांत येते ते सरकारला टोचणारे. शाळेला पंचवीस रुपये देणाऱ्या विधवेचे नाव गोषवारा करणाऱ्याने कशाला लिहावे?

मूळ अंक दुसरीकडे सुरक्षित असतील, अशी आशाही फार धरू नये. १८६७ चा छापखाने व पुस्तके नोंदणी कायदा ब्रिटिश हिंदुस्थानाचा, संस्थानांचा नव्हे. राष्ट्रीय ग्रंथालयाकडे प्रती पाठवण्याचा कायदा १९५४ चा, आणि वर्तमानपत्रे त्यात आली १९५६ च्या दुरुस्तीने. भगवंतराव पाळेकरांचे 'जागृति' १९१७ ते १९४९ चालले. म्हणजे देशभर प्रती गोळा करण्याची व्यवस्था आली तेव्हा बडोद्याचे हे पत्र बंद पडले होते. जे आहे ते इथेच आहे, आणि लाकडाच्या लगद्याच्या आम्लधर्मी कागदावर आहे. तो कागद उघडताना घडीवर मोडतो. म्हणून 'एकदा उघडू तेव्हाच दोन्ही कामे करू' हा माझ्या मागणीमागचा व्यावहारिक मुद्दा. स्कॅन करणारा पान उलटतो तेव्हा शेजारी वाचणारा असावा. घडीत दडलेली अक्षरे प्रत्यक्ष पानावर कललेल्या उजेडात दिसतात, चित्रात ती नसतातच.

आता आकडे. ४२ बाय ५९ सेंटिमीटरच्या आसपासचे पान दर इंचाला ४०० ठिपके या दराने करड्या छटांत टिपले तर फाइल साधारण ६२ एमबीची होते. आठ पानी साप्ताहिकाची वर्षाला ४१६ पाने, म्हणजे सुमारे २६ जीबी. तीस वर्षांचा संच एका टीबीच्या एका डिस्कवर मावतो. नुसत्या काळ्यापांढऱ्यात टिपू नये. जागा वाचते, पण अनुस्वार आणि डाग यांतला फरक कायमचा जातो. म्हणजे साठवण ही आज अडचण नाही. सूचीचा हिशेब वेगळा. पानामागे सरासरी पंधरा नावे धरली तर वर्षाला ६,२४० नोंदी. सराव झालेल्या वाचकाला पानाला अर्धा तास धरला तर एका वर्षाच्या अंकांना २०८ तास. दोघांनी एकमेकांचे न पाहता तेच पान वाचायचे, आणि जिथे वाचन जुळत नाही तिथे तिसऱ्याने निर्णय द्यायचा. रोज तीन तास, महिन्याला वीस दिवस बसले तर पत्राचे एक वर्ष पाच महिन्यांच्या आत हातावेगळे होते. एका चांगल्या स्कॅनरच्या पैशात अशी किती वर्षे निघतील, हे अनुदान मागणाऱ्यांनी एकदा मांडून पाहावे.

नोंदीत काय असावे? छापले तसे नाव, अक्षराचाही बदल न करता. त्यापुढे ठरवलेले प्रमाणरूप. उपाधी वेगळ्या रकान्यात. गाव, हुद्दा. मजकुराचा प्रकार: बातमी, नोटीस, पोच, निकाल, जाहिरात. पत्र, तारीख, पान, स्तंभ. आणि एक रकाना खात्रीचा: 'स्पष्ट', 'संशयित', 'अक्षर गेलेले'. प्रमाणरूप देताना दोन माणसे एक करण्याची घाई नको. एकाच गावात, एकाच दशकात दोन गोविंद बळवंत असणे ही अगदी रोजची गोष्ट आहे. हुद्दा, गाव, वडिलांचे नाव यांपैकी दोन गोष्टी जुळल्याशिवाय नोंदी जोडू नयेत. चुकून वेगळ्या ठेवलेल्या नोंदी पुढे कोणीही जोडू शकतो. चुकून जोडलेल्या कोणी सोडवत नाही, कारण त्या जोडलेल्या आहेत हेच दिसत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, यंत्रे सुधारतील, मग हे कष्ट कशाला? सुधारतीलच. पण सुधारलेले यंत्र बरोबर वाचते की नाही हे तपासायला माणसाने वाचलेली पाने लागतात, आणि जुन्या बडोदे वळणाच्या छपाईची तशी पाने आपणच पुरवली पाहिजेत. शिवाय बडोद्यात मराठी घरांतली पुढची पिढी गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकते आहे. जुने मराठी, गुजराती लिपी आणि जमले तर मोडी, हे तिन्ही वाचणारी माणसे आज आहेत. त्यांना वीस वर्षांनी बोलावणे धाडण्याचा बेत मला समजत नाही.

दुसरा आक्षेप मी अधिक गंभीरपणे घेतो: खासगीपणाचा. जुन्या पत्रांत दिवाळखोरीच्या नोटिसा आहेत, 'माझी पत्नी घर सोडून गेली आहे' अशा जाहिराती आहेत, चोरीच्या आरोपाच्या बातम्या आहेत. नावावर बोट ठेवताच पणजोबांवरचा आरोप पणतूसमोर यावा का? माझे मत असे की बडोदे राज्य मुंबई राज्यात विलीन झाले तो १ मे १९४९ हा दिवस सूचीची शेवटची मर्यादा धरावी. त्यानंतरचे अंक स्कॅन करा, नावे उघडी करू नका. त्याआधीच्या फौजदारी बातम्यांत आरोपीची नोंद करताना निकालही शोधावा आणि त्याच नोंदीला जोडावा. मिळाला नाही तर 'निकाल आढळला नाही' असे लिहावे. जातीचा वेगळा रकाना ठेवू नये. बातमीत जात छापली असेल तर ती पान उघडल्यावर दिसेलच. सूचीने ती चाळणी म्हणून हातात देण्याचे कारण नाही. कॉपीराइटचे भय मात्र फुगवलेले आहे. निनावी लेखनावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी आणि सहीच्या लेखनावरचा लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी संपतो. आणि 'अमुक नाव अमुक पानावर आहे' ही माहिती देणे म्हणजे लेख छापणे नव्हे.

सूची नसण्याचा सार्वजनिक तोटा दिसतो तो दाव्यांच्या वेळी. 'पहिली पदवीधर', 'पहिला छायाचित्रकार', 'पहिली शाळा' असे फलक लागतात, स्मरणिका निघतात, आणि आधार विचारला तर 'जुन्या पेपरांत दुसरे कोणाचे नाव सापडत नाही' एवढाच. किती अंक पाहिले? कोणत्या रूपांनी शोधले? गहाळ अंक किती? हे सांगितल्याखेरीज 'सापडले नाही' या वाक्याला काही किंमत देऊ नये. साप्ताहिकाच्या ५२ अंकांपैकी ३१ उपलब्ध असतील तर न सापडण्याचा अर्थ फारच थोडा. पीएच.डी.च्या प्रबंधांनाही हे लागू आहे.

काम कोणी करावे? महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा मराठी विभाग, मध्यवर्ती ग्रंथालय आणि मराठी वाङ्मय परिषद यांनी मिळून. विद्यार्थ्यांकडून फुकट करून घेऊ नये. फुकटच्या कामात दुसरे वाचन कोणी करत नाही, आणि दुसरे वाचन नसेल तर सूचीवर विसंबता येत नाही. वाचनाला तासाप्रमाणे पैसे द्यावेत, नोंदींच्या संख्येप्रमाणे नाही. संख्येवर पैसे दिले की सोपी पाने भराभर उरकतात आणि बारीक टाइपातल्या याद्या 'अस्पष्ट' म्हणून सोडल्या जातात.

चाचणीसाठी १९२१ हे वर्ष घ्यावे असे मी सुचवीन. त्या वर्षी न. चिं. केळकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन बडोद्यात भरले होते, त्यामुळे नावे भरपूर मिळतील आणि मिळालेली नावे पुण्यामुंबईच्या पत्रांशी ताडून पाहता येतील. 'जागृति' तेव्हा चार वर्षांचे होते. आधी वर्षाच्या सगळ्या आठवड्यांच्या ओळी आखाव्यात, मग वाचायला बसावे. ज्या आठवड्याचा अंक मिळणार नाही त्याची ओळ गाळायची नाही. तिथे 'अंक उपलब्ध नाही' असे लिहून, कुठे कुठे विचारले ते समोर नोंदवायचे.